मागे, उजवीकडे

दार लागलं आणि उल्हास रसाळ बाहेर राहिला.

घडलं ते एवढंच. सकाळचे सव्वाआठ वाजले होते, चाचणीच्या हॉलमध्ये कंपनीची नवी विजेवरची गाडी उभी होती, आणि उल्हास गेली तेहेतीस वर्षं बसतो तसा मागच्या सीटवर उजवीकडे बसला होता. मग त्याला आठवलं की सही करायचं पेन टेबलावरच राहिलंय. तो उतरला. ओटमार, जो गेली तेहेतीस वर्षं उल्हास बसला की दार लावतो, त्याने दार लावलं. आत कोणी आहे की नाही हे त्याने पाहिलं नाही, कारण तेहेतीस वर्षांत ते पाहायची वेळच आली नव्हती. आणि गाडीपासून दोन हातांवर, एक पाय पेनाच्या दिशेने टाकलेला, अशा अवस्थेत उल्हासने या नव्या गाडीचं दार पहिल्यांदा बाहेरून ऐकलं. चकल्या संपलेल्या डब्याचं झाकण कोणीतरी घाईघाईने लावावं, तसा तो आवाज होता. टण्ण, आणि त्यामागे एक बारीकशी खुळखुळ. मग, एक निमिष उशिरा, बंद काचांच्या आतून, रिकाम्या सीटसाठी, खोल आणि खानदानी असं काहीतरी वाजलं: थप्प. सगळे हसून झाल्यावर कुणाला तरी विनोद कळावा आणि तो मागाहून हसावा तसं.

"अरे, सॉरी," ओटमार म्हणाला. "मला वाटलं तू आत आहेस."

"मलाही तसंच वाटत होतं," उल्हास म्हणाला.

त्याने पेन घेतलं, पुन्हा आत जाऊन बसला, ओटमारने दार लावलं. थप्प. अचूक. दहापैकी नऊ, कदाचित साडेनऊ. आत बसलं की जग कसं नीट लागतं. पण कानात ते झाकण अडकलं ते अडकलंच, दातात सुपारी अडकावी तसं, आणि जीभ पुन:पुन्हा तिथेच जावी तसं त्याचं मन तिथे जाऊ लागलं. अकरा वाजता पाच जणांची समिती येणार होती. समिती ऐकणार, मान डोलावणार, आणि उल्हास रसाळ, निवृत्तीला तीन आठवडे राहिलेला, बंद होण्याच्या आवाजाच्या विभागाचा प्रमुख, आपली शेवटची सही करणार. त्याच्या सहीशिवाय या घराण्याचं एकही दार आजवर बाजारात गेलं नव्हतं. या घराण्याचं म्हणायचं, कारण ब्राखफोगेलमध्ये कोणी कंपनीला कंपनी म्हणत नाही. सगळे घर म्हणतात. घराला हे चालत नाही, घराने असं ठरवलंय, घर आज नाराज आहे. उल्हास नोकरीला लागला तेव्हा त्याला वाटलं होतं की माणसं फार कुटुंबवत्सल दिसतात.

आपण नक्की काय काम करतो हे पुण्यातल्या नातेवाइकांना समजावणं त्याने बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं. ते काम नीलिमाने स्वतःकडे घेतलं. "आमचे हे जर्मनीत दारं लावतात," ती लग्नाकार्यात सांगायची. "घरातली मात्र उघडी टाकतात." लोक हसायचे आणि मनातल्या मनात समजायचे की मुलगा परदेशात वॉचमन आहे. पण उल्हासला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण शोरूममध्ये काय होतं हे त्याला माहीत होतं. जगाच्या पाठीवर कुठेही जा. गिऱ्हाईक येतं, बॉनेट उघडून आत बघतं आणि त्याला काहीही कळत नाही. मग ते दार उघडतं, लावतं, आणि बायकोकडे बघतं. बायको भुवई उचलते. संपलं. इंजिनातले चारशे लोक त्या भुवईसाठी राबत असतात आणि ती भुवई उचलणारा माणूस माइन नदीकाठच्या या गावात पोळी-भाजीचा डबा घेऊन बसलेला असतो. नीलिमाची बहीण एकदा म्हणाली, "भाऊजी, तुमच्या गाडीचं दार लागलं ना, की आपण सुरक्षित आहोत असं वाटतं." ती गाडी तेव्हा नो पार्किंगमध्ये होती.

घराचा इतिहास त्याला तोंडपाठ होता आणि तो इतिहास म्हणजे दारांचाच इतिहास होता, निदान उल्हास तरी तो तसाच सांगायचा. थोरले ब्राखफोगेल मुळात तिजोऱ्या बनवायचे. आजूबाजूच्या चार परगण्यांतल्या सावकारांची झोप त्यांच्या दारांवर अवलंबून होती. मोटारी आल्या तेव्हा त्यांनी चार चाकांवर तिजोरीच ठेवली आणि तिला लांब वाकड्या चोचीच्या पक्ष्याचं चिन्ह लावलं, कारण त्या पक्ष्याचं आणि घराण्याचं नाव एकच. पहिली गाडी टेकडी चढेना. पण दार लागलं की चर्चच्या घंटेकडे लोकांचं लक्ष जात नसे. थोरले दर नव्या गाडीत मागे उजवीकडे बसत, डोळे मिटत, आणि शोफरला दार लावायला सांगत. एक बोट वर केलं तर पास. दोन बोटं केली तर दार पुन्हा भट्टीत. त्या बोटाचा ब्राँझचा साचा आजही कंपनीच्या म्युझियममध्ये काचेत आहे. एकच बोट आहे. दुसऱ्याचा साचा घ्यावा असं कोणाला सुचलं नाही, किंवा घराला ते बरं दिसलं नसावं. आणि तेव्हापासून चाचणीच्या फॉर्मवर पहिली ओळ छापलेली असते: ऐकणाऱ्याची जागा, मागे, उजवीकडे. तिथे काही भरायचं नसतं. शंभर वर्षांत तिथे कोणी काही भरलं नाही. मायक्रोफोनचे कान लावलेलं रबरी डोकंसुद्धा, ज्याला कारागीर जावयासारखं कौतुकाने वागवतात, तेही तिथेच, पट्टा लावून, बसतं.

पुण्यात मालक मागे डावीकडे बसतो, जर्मनीत उजवीकडे. फूटपाथ जिकडे, तिकडे मालक. हे उल्हासला इथे येऊन कळलं, कारण त्याआधी त्याने अशी गाडी फक्त एकच पाहिली होती आणि ती तपकीरवाल्या शेठची होती. ब्राखफोगेल दोनशे वीस, काळी, अडुसष्टची, बोटीने आलेली. तिच्या आत तपकिरीचा इतका वास होता की ड्रायव्हर गिअर टाकताना शिंकायचा. ड्रायव्हर म्हणजे अप्पा, उल्हासचे वडील. प्रताप रसाळ, पांढरा सदरा, पांढरी टोपी, अठ्ठावीस वर्षं एकच गाडी. अप्पांनी त्याला दार लावायला शिकवलं, ते शेठ महाबळेश्वरला गेले असताना, बंगल्याच्या आवारात. "आपटायचं नाही. सोडूनही द्यायचं नाही. चार बोटं उरेपर्यंत हात धरून आणायचं, मग तळव्याने निरोप द्यायचा." थप्प. पुढे कित्येक वर्षांनी उल्हासने एका परिषदेत, दोनशे इंजिनिअरांसमोर, चार बोटांचं मिलिमीटरमध्ये रूपांतर करून तोच सिद्धांत मांडला आणि त्याला पदक मिळालं. पदकाच्या मागच्या बाजूला पक्षी होता. अप्पांना त्याने ते दाखवलं तेव्हा त्यांनी ते उन्हात धरलं, पक्ष्याची चोच पाहिली आणि म्हणाले, "आपल्या गाडीवरची मोडली होती. एका पोराने मोडली. मी शेठला सांगितलं, कावळ्याने मोडली." शेठने विश्वास ठेवला. तपकीरवाल्यांचा कावळ्यांवर फार राग होता.

आता वजनाचा प्रश्न आला होता, म्हणून हे सगळं. विजेच्या गाडीत बॅटरी हत्तीएवढी, त्यामुळे बाकी सगळ्यांनी उपास करायचा असं घराने ठरवलं. दाराने अकरा किलो उपास केला. अकरा किलो गेले आणि त्यांच्याबरोबर आवाज गेला. तेव्हा विभागप्रमुखांच्या प्रमुख, फ्राऊ केस्टलर, वय अडतीस, हुशार, सायकलने येणाऱ्या, त्यांनी मार्ग काढला: मागच्या खांबात एक छोटा स्पीकर, दार टेकताक्षणी वाजणारा. आणि आवाज कोणता, तर उल्हासनेच सत्त्याण्णव साली म्युझियमच्या दोनशे विसात बसून ध्वनिमुद्रित केलेला. "तुमचंच थप्प, हेर रसाळ," त्या म्हणाल्या होत्या. उल्हासला संकोच वाटायला हवा होता. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. आपण निवृत्त होऊ पण आपलं थप्प नोकरीत राहील. मुलीला, ईप्सिताला, त्याने फोनवर हे अभिमानाने सांगितलं. ती वालडॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. ती म्हणाली, बाबा, म्हणजे तुम्ही आता अपडेट होऊ शकता. सहा महिने तो मागे उजवीकडे बसून ते अपडेट ऐकत होता आणि एकदाही त्याच्या मनात आलं नाही की काचेपलीकडेही हवा असते.

तो गाडीतून उतरला. ओटमार दाराला टेकून उभा होता, पुसायचं फडकं खांद्यावर. फ्रँकन माणूस, म्हणजे या भागातला. इथे माणसाला स्वर्ग दाखवला तरी तो बास्ट शो म्हणतो, चालेल. यापेक्षा मोठी स्तुती या बोलीत नाही.

"ओटमार, हा आवाज बाहेरून असा येतो?"

"कसा?"

"डब्यासारखा."

ओटमारने विचार केला. "माझी आई बिस्किटं ठेवायची त्या डब्यासारखा. हो."

"कधीपासून?"

"सहा महिने. दिवसाला चाळीस वेळा."

"मग बोलला का नाहीस?"

"मला कोणी विचारलं नाही," ओटमार म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. "फॉर्मवर माझी जागा नाहीये, उल्हास."

उल्हासला हसू यायला हवं होतं, पण त्याऐवजी त्याला अप्पांचा पांढरा सदरा दिसला. अठ्ठावीस वर्षं. दिवसातून कमीत कमी दहा वेळा त्या माणसाने ते दार बाहेरून लावलं होतं. आत शेठ, शेठची गादी, शेठची तपकीर, आणि ते जगप्रसिद्ध थप्प शेठसाठी. आणि बाहेर? बाहेर कसा येत असेल आवाज? ज्या आवाजावर आपण तेहेतीस वर्षं पोट भरलं, तो पहिल्यांदा ज्याच्या तळव्यातून निघाला, त्याच्या कानांवर तो कसा पडत असेल हे आपण कधी विचारलंच नाही. आपण अप्पांचा हात घेतला आणि जाऊन बसलो शेठच्या जागेवर. उजवी डावी बदलली म्हणून ओळखू आली नाही, इतकंच. साडेनऊ झाले होते, म्हणजे पुण्यात एक वाजला असणार. त्याने फोन लावला. लता वहिनींनी उचलला.

"भाऊजी? आज अशा वेळेला? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे हो वहिनी. अप्पा आहेत का?"

"आत्ताच लवंडलेत. वरण-भात खाल्ला, माझ्या भाजीला नावं ठेवली आणि झोपले. उठवू?"

"नको नको. उठले की करायला सांगा. एक विचारायचंय."

"मला विचारा की."

"दाराबद्दल आहे."

"मग असू दे," वहिनी म्हणाल्या.

फोन ठेवून तो म्युझियमकडे चालू लागला. म्युझियम हॉलच्या मागेच होतं आणि अजून दीड तास होता. पहारेकऱ्याने त्याला पाहून टोपीला हात लावला. दारवाल्याला दारवाला ओळखतो. थोरल्यांच्या बोटापाशी तो नेहमीप्रमाणे थांबला नाही. तो आला त्या वर्षी म्युझियममध्ये एकोणचाळीस सालच्या गाडीनंतर थेट एकोणपन्नासची गाडी होती आणि दोन्हींच्या मध्ये एक पायरी. पायरीवर पाटी होती, सावकाश, पायरी आहे. दहा वर्षांचा इतिहास शाळेच्या सहली त्या पाटीवरून उतरून जायच्या. पुढे एका इतिहासाच्या प्राध्यापकांनी कागद शोधले, बराच गाजावाजा झाला, आणि घराने पायरीशेजारी एक राखाडी फलक लावला. त्या काळात घर मोटारी बनवत नव्हतं, लष्करी ट्रक बनवत होतं, आणि ते बनवायला पोलंडमधून, युक्रेनमधून माणसं धरून आणली होती, बायकासुद्धा. फलक बरोबर एका दाराएवढा आहे. खाली एक लोखंडी कडी ठेवलीय, मजुरांच्या बराकीची. कडी बाहेरून लावायची. उल्हास शेकडो पाहुण्यांना घेऊन या फलकासमोरून गेला होता आणि प्रत्येक वेळी त्याने योग्य तेवढा वेळ योग्य चेहरा केला होता. आज पहिल्यांदा त्याच्या डोक्यात आलं की ही एकच वस्तू या घरात अशी आहे, जिचा आवाज मागे उजवीकडून कोणी तपासला नाही. आतून ती कशी ऐकू येत असेल, हे सांगणारी माणसं आता उरलीही नसतील. तो चेहरा न करता तिथे थोडा वेळ उभा राहिला.

दोनशे वीस पुढच्या दालनात होती. काळी, मापाची, चोच शाबूत. पहारेकऱ्याकडे बघून उल्हासने मागचं दार उघडलं, बाहेर उभा राहिला, चार बोटं उरेपर्यंत आणलं आणि तळव्याने निरोप दिला. थप्प. बाहेरही तेच. थोडं अधिक उघडं, थोडं अधिक थंड, पण तेच; आत एक आणि बाहेर एक असं त्या दाराचं काही नव्हतं. पहारेकरी म्हणाला, "बास्ट शो." मग ते धुराचं प्रकरण झालं तेव्हाचे दिवस त्याला आठवले. घराची डिझेल इंजिनं चाचणीचं यंत्र ओळखायची आणि तेवढ्यापुरती शहाण्यासारखी श्वास घ्यायची, परीक्षेच्या दिवशीच आंघोळ करणाऱ्या मुलासारखी. पेपरांत फोटो आले, साहेब मंडळींनी टायशिवाय माफी मागितली, बेकरीत पाव घेताना लोक पक्ष्याचा बिल्ला बघून सहानुभूतीने जास्तीचा पाव द्यायचे. इंजिनवाले कँटीनमध्ये खाली मान घालून जेवत. उल्हास मात्र तेव्हा ताठ बसायचा. आमचं दार खोटं बोलत नाही, असं तो म्हणायचा. मोठ्याने म्हणायचा. आता त्याच दाराच्या खांबात एक स्पीकर बसवला होता, त्यात त्याचाच आवाज होता, आणि तो फक्त आतल्या माणसाशी बोलत होता.

अकराला समिती आली. पाचही जण आळीपाळीने मागे उजवीकडे बसले, बाकीचे तोवर हॉलच्या दुसऱ्या टोकाला कॉफी घेत होते; ओटमारने दार लावलं, आतून प्रत्येकाने अंगठा दाखवला. नऊ, नऊ, साडेनऊ, नऊ. विक्री विभागातल्या माणसाने तर डोळे मिटले आणि एक बोट वर केलं. घरात हा विनोद कधीच शिळा होत नाही. शेवटी फ्राऊ केस्टलर बसल्या. दहा. त्या उतरल्या, फॉर्म उल्हासपुढे सरकवला आणि हसून म्हणाल्या, "तुमची शेवटची सही. आम्ही केक आणलाय." केक खरंच होता. दाराच्या आकाराचा.

उल्हासने पेनाचं टोपण काढलं. तीन आठवडे. सही केली तर केक, भाषण, पदक, आणि सप्टेंबरात जगभरच्या शोरूममध्ये त्याचं थप्प. नाही केली तर तीन आठवडे कोणी त्याच्याशी बोलणार नाही आणि त्यानंतर कायमचं. तो इतका शांत होता की त्याचं त्यालाच नवल वाटलं. आपण बरोबर आहोत हे माहीत असण्याचं सुख त्याला आयुष्यात फारसं कमी पडलं नव्हतं, पण आज ते पहिल्यांदाच जड लागत होतं, अकरा किलो तरी असावं.

"फ्राऊ केस्टलर, एक मिनिट. इथे उभ्या राहा. नाही, इथे. बाहेर."

"बाहेर?"

"गिऱ्हाईक गाडीत जन्माला येत नाही," उल्हास म्हणाला. "ओटमार, लाव."

टण्ण. खुळखुळ. आणि आतून, काचेमागून, कोणासाठीच नसलेलं थप्प. फ्राऊ केस्टलरनी हात वर केला, पुन्हा. ओटमारने पुन्हा लावलं. पुन्हा. सात वेळा. विक्रीचा माणूस आपलं बोट खिशात घालून उभा राहिला.

"सहा महिने आपण हे ऐकलं नाही?" त्या म्हणाल्या.

"आपण ऐकलं नाही. ओटमारने ऐकलंय."

त्यांनी ओटमारकडे पाहिलं. ओटमारने फडक्याकडे पाहिलं.

"आणि हेर रसाळ, तुम्ही तेहेतीस वर्षं कुठे होतात?" त्यांनी विचारलं. आवाजात राग होता, पण विचारलं मात्र खरंच.

"मागे," उल्हास म्हणाला. "उजवीकडे."

त्याने फॉर्म घेतला. शंभर वर्षं छापील असलेल्या पहिल्या ओळीखाली थोडी पांढरी जागा होती. ती बहुधा थोरल्यांनी शोभेसाठी सोडली असावी. तिथे त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं: ऐकणाऱ्याची दुसरी जागा, बाहेर, उभा. आणि पेन ओटमारला दिलं. ओटमारने हात फडक्याला पुसले. गुण लिहिले, दोन.

"दोन?" विक्रीचा माणूस म्हणाला.

"झाकण म्हणून चांगलं आहे," ओटमार म्हणाला आणि सही केली. ती सही करायला त्याला बराच वेळ लागला. त्याखाली उल्हासने सही केली, नामंजूर या शब्दासमोर. फ्राऊ केस्टलरनी त्या दोन सह्या पाहिल्या. मग त्यांनी फोन काढला आणि घराला कळवलं की सप्टेंबर होणार नाही. घर फोनवर पुष्कळ वेळ बोलत होतं. त्या ऐकत होत्या आणि मधून मधून हो, हो म्हणत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "दाराला चार किलो परत मिळतील. द्यायला तयार होते तीन." आणि मग, जरा थांबून, "केक कापून टाका. फार वेळ ठेवला तर त्याचाही आवाज बदलेल." उल्हासला वाटलं, ही बाई टिकेल.

अप्पांचा फोन दीड वाजता आला. उल्हास कारखान्याच्या फाटकापाशी बाकावर बसून नीलिमाची वाट बघत होता. त्याच्या गुडघ्यामुळे आताशा ती न्यायला येई. स्क्रीनवर आधी छत दिसलं, मग पंखा, मग अप्पांचा एक कान. ब्याण्णव वर्षांचा, केसाळ, अजून शाबूत.

"बोल. लता म्हणते दाराचं काहीतरी आहे."

"अप्पा, शेठची गाडी. तुम्ही दार लावायचात. मी सगळं आयुष्य आतून ऐकलं. मला एवढंच सांगा, बाहेरून कसा यायचा आवाज?"

कानाच्या जागी डोळा आला.

"कुठला आवाज?"

"दाराचा. थप्प."

"अरे, मला कुठला आवाज! दार लावलं की मी पळायचो. शेठला आत बसून वाट बघायला आवडायचं नाही. बॉनेटला वळसा घालून, टोपी धरून, स्टेअरिंगवर. शेठने तपकीर ओढायच्या आत गाडी सुरू झाली पाहिजे. अठ्ठावीस वर्षं पळालो. आवाज कोण ऐकत बसतो?" मग जरा काळजीने, "का? काही बिघडलं का तिकडे?"

"नाही," उल्हास म्हणाला. "दुरुस्त केलं."

"मग झालं," अप्पा म्हणाले, आणि स्क्रीनवर पुन्हा पंखा आला.

उल्हास बाकावर बसून राहिला. आज सकाळपासून त्याने ज्या कानांच्या बाजूने लढाई केली, ते कान त्या वेळी बॉनेटपाशी धावत होते. म्हणजे निकाल चुकला असं काही नव्हतं. ओटमारने ऐकलं होतं, दार झाकणासारखंच वाजत होतं, चार किलो परत मिळणार होते. तरी फॉर्मवर अजून एक ओळ राहिली असं त्याला वाटत राहिलं आणि ती काय असावी हे त्याला लिहिता येईना. नीलिमा आली. त्यांची जुनी, वीस वर्षांची, त्याच्याच सहीची गाडी. ती काच खाली करून म्हणाली, "अहो, बसा ना. उन्हात काय बसलात?"

"उतर."

"का?"

"मागे बस. उजवीकडे."

नीलिमाने त्याच्याकडे नीट पाहिलं. केक खाल्लाय एवढंच दिसत होतं. ती उतरली, पर्स सांभाळत मागे जाऊन बसली. "लोक बघतायत हं," ती म्हणाली. लोक बघतच होते. पहिली पाळी सुटली होती. उल्हासने दार चार बोटं उरेपर्यंत हात धरून आणलं, तळव्याने निरोप दिला, आणि पळाला. पासष्टाव्या वर्षी, त्या गुडघ्यावर, डोक्यावर नसलेली टोपी एका हाताने धरून, चोचवाल्या पक्ष्याला वळसा घालून. अकरा पावलं लागली. तो स्टेअरिंगमागे आदळला. त्याला स्वतःचे बूट ऐकू आले होते, गुडघा ऐकू आला होता, श्वास ऐकू आला होता. दार नाही. दार लागलं होतं की नाही, हेसुद्धा त्याला सांगता आलं नसतं.

त्याने आरशातून मागे पाहिलं. "तुला कसा आला आवाज?"

"कसला आवाज?" नीलिमा म्हणाली. "मी तुमच्याकडे बघत होते. पडताय की काय म्हणून."

उल्हासने श्वास खाली बसू दिला. मग सीटबेल्ट ओढला आणि लावला. त्याचा आवाज दुसऱ्या विभागाकडे होता.